प्रीकास्ट वाहनतळ आणि सांध्यांचे शास्त्र



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण असे भारदस्त विषय आपण वर्षानुवर्षे ऐकत आला आहात. त्यांच्या पंक्तीत आज आम्ही वाहनतळ आणून बसवीत आहोत, तेव्हा काहींच्या भुवया उंचावल्या असतील तर नवल नाही. परंतु आपणांपैकी जे मोटारीने किंवा स्कूटरने आले, त्यांनी गाडी लावण्यासाठी जागा शोधण्यात आज किती वेळ घालविला हे आठवून पाहावे. आणि जे पायी आले, त्यांनी पदपथावर लावलेल्या गाड्यांमधून अंग चोरून वाट कशी काढली तेही आठवावे. म्हणजे हा विषय आम्ही आणला नसून तो आधीच दाराशी येऊन उभा होता, हे ध्यानात येईल.

या अडचणीवर नगरपालिका आणि महानगरपालिका यांना सुचणारा उपाय म्हणजे बहुमजली वाहनतळ. तो लवकर उभा राहावा म्हणून अलीकडे ‘प्रीकास्ट’ पद्धतीचा, म्हणजे कारखान्यात आधीच घडविलेले काँक्रीटचे भाग जागेवर आणून जोडण्याचा, पुरस्कार होतो. पद्धत चांगली आहे. आम्ही तिच्यातच उमेदवारी केली, तिच्यातच केस पिकविले. परंतु इमारत आपल्या करांतून उभी राहणार आणि तिच्याखालून आपलीच माणसे जाणार, तेव्हा तिचे मर्म आपणांस ठाऊक असावे. ते मर्म एका वाक्यात असे : या इमारतीचे तुकडे सहसा दगा देत नाहीत, दगा देतात ते सांधे.

प्रथम ही वस्तू आहे तरी काय ते पाहू. आपले जुने वाडे आठवा. सुतार खांब, तुळया, कड्या जमिनीवर घडवी. त्यांना कुसू आणि वेज पाडी. कोणते लाकूड कोठे बसवायचे याच्या खुणा करी. आणि मग उभारणी होई. खांबावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर पाट. प्रीकास्ट वाहनतळ हा या कडीपाटाचाच काँक्रीटमधील वंशज म्हणता येईल. दोन-तीन मजल्यांच्या उंचीचे अखंड खांब, त्यांना बाहेर काढलेली ब्रॅकेटे, त्यांवर टेकणाऱ्या तुळया, आणि तुळयांवर आडवी टाकलेली लांबलचक पाटे. या पाटांचा एक प्रसिद्ध प्रकार ‘डबल टी’ या नावाने ओळखला जातो, कारण कापून पाहिल्यास इंग्रजी ‘टी’ ही दोन अक्षरे शेजारी शेजारी उभी असल्यासारखी दिसतात. वरची फळी म्हणजे जमीन आणि खालचे दोन पाय म्हणजे कड्या. १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकेत हा आकार निघाला आणि तिकडील वाहनतळांत तो सर्वत्र पसरला. आपल्याकडे रात्री लांब ट्रेलरवरून मेट्रोच्या किंवा उड्डाणपुलाच्या तुळया जाताना आपण पाहिल्या आहेत. घरांच्या बांधणीतही ही रीत आली. सिडकोने २०२२ साली नव्या मुंबईत ९६ दिवसांत ९६ घरे याच रीतीने उभी केली.

वाहनतळाला ही पद्धत विशेष मानवते, याचे कारण मोटारीच्या मापात आहे. एका मोटारीला सुमारे अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा लागते. दोन रांगा समोरासमोर आणि मध्ये जाण्यायेण्यास सहा मीटर वाट धरली, तर पाच, सहा आणि पाच मिळून सोळा मीटर झाले. या सोळा मीटरांत कोठे खांब आला की एखादी जागा वाया जाते, किंवा कोणाच्या तरी गाडीचे दार त्याच्यावर आपटते. म्हणून सोळा-अठरा मीटरांचा गाळा खांबाविना पार करावयाचा असतो. साध्या सळईच्या काँक्रीटला हे जड जाते. येथे पूर्वप्रतिबलित काँक्रीट मदतीस येते.

हा शब्द अवघड असला तरी कल्पना आपल्या लोहाराची आहे. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव तापवून चढवितात. ती निवाली की आकसते आणि लाकडाचे सारे तुकडे चोहोंकडून आवळून धरते. फ्रेंच स्थापत्यविशारद यूजेन फ्रेसिने यांनी १९२८ साली काँक्रीट आवळण्याच्या अशाच युक्तीचे पेटंट घेतले. काँक्रीट दाबाला खंबीर असते, ताणाला दुबळे. म्हणून साच्यात उच्च प्रतीच्या पोलादी तारा आधी जोराने ताणतात, मग काँक्रीट ओततात, आणि ते पुरेसे कठीण झाले की तारा टोकांशी तोडतात. तारा आकसू पाहतात आणि काँक्रीटला कायमचे आवळून धरतात. पुढे वरून भार आला की त्याचा ताण प्रथम हा दाब कमी करण्यातच खर्ची पडतो. असे अठरा मीटर लांबीचे आणि तीन मीटर रुंदीचे एक पाट पंधरा टनांच्या आसपास भरते.

आता एक गंमत सांगतो. मोटारींनी भरलेली जमीन फार मोठा भार वाहत असेल अशी आपली समजूत असते. परंतु हिशेब पाहा. मोटार सव्वा टनाची धरली आणि तिची जागा साडेबारा चौरस मीटर, तर दर चौरस मीटरला सुमारे शंभर किलो झाले. भारतीय मानकाने, म्हणजे आयएस ८७५ च्या १९८७ सालच्या दुसऱ्या भागाने, हलक्या मोटारींच्या तळासाठी दर चौरस मीटरला सुमारे २५० किलो भार धरावयास सांगितला आहे. आणि ज्या सभागृहातील खुर्च्या जमिनीला खिळलेल्या नसतात त्याच्यासाठी? सुमारे ५०० किलो. म्हणजे दाटीने उभी राहिलेली माणसे मोटारींहून जड ठरतात!

ही गंमत येथेच सोडून देण्याजोगी नाही. आपल्या गावी मोकळी गच्ची दिसली की तेथे मांडव पडतो, प्रदर्शन भरते, सणाच्या दिवसांत कांद्याबटाट्यांची पोती रचली जातात. वाहनतळाच्या माथ्यावर असा उत्सव भरविण्याचा विचार असेल तर तो आराखडा काढण्यापूर्वी इंजिनियरला सांगावा. इमारत उभी राहिल्यावर ठराव करून जमिनीची ताकद वाढत नाही. आगीचेही तसेच. उघड्या बाजूंच्या वाहनतळात एका गाडीची आग दुसरीला सहसा लागत नाही, असे पूर्वी समजत असत. १० ऑक्टोबर २०२३ रोजी इंग्लंडमधील ल्यूटन विमानतळाच्या वाहनतळात एका मोटारीने पेट घेतला आणि हजाराहून अधिक मोटारींची राख झाली. ती इमारत प्रीकास्ट नव्हती, परंतु धडा सर्वांना सारखाच आहे. आजच्या मोटारी आकाराने मोठ्या आहेत आणि त्यांत प्लॅस्टिक पुष्कळ असते. पाण्याचे फवारे हा खर्च वाचविण्याचा मुद्दा राहिलेला नाही.

आता आखणीकडे वळू. मजल्यापासून मजल्याची उंची सव्वातीन मीटरांच्या आसपास असते, आणि गाड्या चढविण्याचा उतार दहास एक याहून तीव्र ठेवू नये. म्हणजे एक मजला चढण्यास ३२ मीटर लांबी हवी. जमिनीलाच उतार देऊन तिच्यावर गाड्या लावायच्या तर तो वीसास एक इतपत सौम्य हवा, म्हणजे लांबी ६४ मीटर झाली. जागा लहान असेल तर दोन गाळे अर्ध्या मजल्याच्या फरकाने उभारतात. मग प्रत्येक चढ निम्म्या लांबीत, सोळा मीटरांत, बसतो. गोलाकार चढ दिसायला सुंदर, परंतु प्रीकास्टला ते परवडत नाहीत, कारण त्यांचे साचे इतरत्र कामाला येत नाहीत. या पद्धतीत खरा पैसा साच्यात असतो. तीनशे तुकडे सहा साच्यांतून निघाले तर काम स्वस्त आणि झटपट होते. तेच तीनशे तुकडे चाळीस साच्यांतून काढावे लागले तर जागेवर ओतलेलेच बरे. हौशीने प्रत्येक कोपरा निराळा काढणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

दोन गोष्टी अमेरिकन पुस्तकांत आपणांस सापडणार नाहीत. पहिली, दुचाकी. आपल्या गावांत मोटारींपेक्षा त्यांचीच संख्या मोठी. एका मोटारीच्या जागेत पाच-सहा दुचाकी सहज मावतात, परंतु दुचाकीवाला चौथ्या मजल्यावर चढत नाही. त्यासाठी खालचे मजले राखावे आणि त्याची वाट मोटारींपासून निराळी काढावी. दुसरी गोष्ट, आपल्या पेठांचे बोळ. अठरा मीटर लांबीचे पाट घेऊन ट्रेलर पेठेच्या वळणावर वळत नाही, आणि ते उचलणाऱ्या क्रेनला पाय रोवायला जागा मिळत नाही. कागदावर बाजाराच्या मधोमध आखलेला वाहनतळ या एका कारणास्तव अडून बसतो. अशा ठिकाणी लहान गाळे पत्करून जागेवर काँक्रीट ओतावे. प्रीकास्ट शोभते ते स्टेशनाजवळ, बसस्थानकाजवळ, रुंद रस्त्याच्या काठी.

येथवर तुकड्यांची गोष्ट झाली. आता सांध्यांकडे येतो, आणि प्रथम आमचीच एक चूक कबूल करतो.

उमेदवारीच्या दिवसांत आम्ही एका कामावर उभारणी पाहत होतो. प्रीकास्ट खांब पायाच्या बोल्टांवर उभा करतात. त्याच्या तळाची लोखंडी पाटी नटांवर टेकते आणि खाली दोन बोटांची फट राहते. ओळंबा नीट जुळला की त्या फटीत न आकसणारा सिमेंटचा मसाला भरावयाचा असतो. त्याला ग्राऊट म्हणतात. त्या दिवशी एका खांबाखाली ग्राऊट भरावयाचे राहिले होते. क्रेनचे भाडे तासावर चालू होते. आम्ही म्हणालो, “आज वरची पाटे चढवून घ्या, ग्राऊट उद्या सकाळी भरू.” क्रेनपाशी एक म्हातारे खलाशी होते. उचलणी आणि बांधणी करणाऱ्या कामगाराला आमच्या धंद्यात खलाशी म्हणतात. त्यांनी दोर हातातून खाली ठेवला आणि म्हणाले, “साहेब, खांब उभा आहे, पण अजून बसलेला नाही. मी पोरांना त्याच्याखाली धाडणार नाही.” आम्ही रागावलो. अर्धा दिवस क्रेन नुसती उभी राहिली, आणि त्याबद्दल आम्हांला वरिष्ठांची बोलणी खावी लागली. खलाशीबाबांचे आम्ही त्या वेळी आभारही मानले नाहीत.

पुढे १० ऑक्टोबर २०१२ रोजी अमेरिकेत मायामीजवळ डोराल येथे एका महाविद्यालयाचे प्रीकास्ट वाहनतळ उभारणी चालू असतानाच कोसळले. चार कामगार दगावले. तेथील सरकारी सुरक्षाखात्याने चौकशी केली, तेव्हा बोट ठेवले गेले ते एका खांबाच्या तळाशी न भरलेल्या ग्राऊटवर. तो अहवाल वाचला त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. कारखान्यातून आलेले तुकडे कितीही उत्तम असोत, उभारणीच्या काळात इमारत लंगड्या माणसासारखी असते. तिला काठी लागते. कोणता तुकडा केव्हा चढवायचा, तात्पुरते टेकू कोठे द्यायचे, कोणता सांधा भरल्याखेरीज पुढचे पाऊल टाकायचे नाही, हे सारे आराखड्याबरोबरच लिहून ठेवावे लागते. ‘उद्या भरू’ या दोन शब्दांना तेथे थारा नसावा.

दुसरी परीक्षा भूकंपाची. १७ जानेवारी १९९४ रोजी पहाटे साडेचारच्या सुमारास कॅलिफोर्नियात नॉर्थरिज येथे भूकंप झाला. तेथील विद्यापीठाचे मोठे वाहनतळ अवघ्या काही वर्षांपूर्वीचे, नवेकोरे. त्याची बाहेरची चौकट भूकंपासाठी मुद्दाम लवचिक केली होती. आतले खांब केवळ भार उचलण्यापुरते, म्हणून त्यांच्याकडे तितके लक्ष दिले नव्हते. जमीन हलली तेव्हा इमारतीबरोबर तेही डोलणारच! ते डोलणे त्यांना सोसले नाही. आतला भाग खचला आणि त्याने बाहेरच्या चौकटीला आत ओढले. तिचे खांब धनुष्यासारखे वाकलेले छायाचित्रांत दिसतात. ते मोडले नाहीत, हे त्यांच्या घडणीचे यश. आणि इमारत पडली, हे एकंदर विचाराचे अपयश. वेळ पहाटेची होती म्हणून मनुष्यहानी टळली. यानंतर अमेरिकेतील नियम कडक झाले. आतल्या खांबांनीही डोलणे सोसले पाहिजे, आणि प्रत्येक मजल्याची जमीन एकसंध ताटासारखी वागून हादऱ्याचा जोर भिंतींपर्यंत पोचविला पाहिजे, यांवर भर आला. त्यासाठी पाटांवर जागेवर काँक्रीटचा आठ-दहा सेंटिमीटरांचा थर घालतात आणि त्यात सळयांची जाळी पसरतात.

आपणांस वाटेल, हे परदेशचे झाले. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात कच्छमधील कितीतरी प्रीकास्ट शाळागृहांची छपरे खाली आली. ती एकमजली होती. भार म्हणावा तर काहीच नव्हता. परंतु छताच्या फळ्या नीट बांधून घेतलेल्या नव्हत्या. आणि महाराष्ट्राने ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयना आणि ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी पाहिली आहे. नुसते टेकून ठेवलेले काँक्रीट आपल्या भूमीवर चालणार नाही.

तर मग सारे सांधे आवळून घट्ट करावेत काय? तेही नाही, आणि या शास्त्राची खरी मेख येथेच आहे. वाहनतळ उघडा असतो. माथ्याची जमीन उन्हात तापते, रात्री निवते. साठ मीटर लांबीची इमारत तपमानातील २५ अंशांच्या फरकाने सुमारे पंधरा मिलिमीटर लांबते किंवा आखडते. तिला हलू दिले नाही तर ती आपल्याच बळाने ब्रॅकेटांचे कोपरे फोडते. म्हणून पाटांच्या टोकांखाली निओप्रीनच्या, रबरासारख्या, गाद्या घालतात आणि ठराविक अंतरावर जोड मोकळे ठेवतात. म्हणजे भूकंपासाठी बांधायचे आणि उन्हासाठी मोकळे सोडायचे! कोठे बांधावे आणि कोठे सोडावे हे ज्याला कळले त्याला एकत्र कुटुंबही चालविता येईल, असे आम्ही थट्टेने म्हणत असतो.

सांध्याचा तिसरा वैरी पाणी. आपला पावसाळा चार महिन्यांचा. जमिनीला शंभरास दीड-दोन इतका उतार हवा, नाहीतर पाणी साचते, जोडांतून झिरपते, लोखंडी जोडपट्ट्यांना गंज चढतो, आणि गंजाने फुगलेले लोखंड काँक्रीटला आतून चिरते. कोकणपट्टीत आणि मुंबईत खारी हवा या कामाला हातभार लावते. जोडांत भरलेला लवचिक मसाला कायमचा नसतो. काही वर्षांनी तो काढून पुन्हा भरावा लागतो. उद्घाटनाच्या कोनशिलेसाठी तरतूद नेहमी होते. या मसाल्यासाठी अंदाजपत्रकात वेगळी रक्कम ठेवलेली आम्ही क्वचितच पाहिली.

आता शेवटचा सांधा, इमारत आणि शहर यांमधला. तो काँक्रीटचा नाही, पण तो निखळला तर बाकीचे सारे व्यर्थ जाते. समजा, वाहनतळात सहाशे मोटारी आहेत आणि नाटक सुटल्यावर त्या तासाभरात बाहेर पडायच्या आहेत. फाटकावर प्रत्येक गाडीला दहा सेकंद लागले तर एका वाटेने तासाला ३६० गाड्या निघतात. म्हणजे एक वाट पुरत नाही, दोन हव्यात; आणि समोरचा रस्ता त्या दोन वाटा सामावून घेणारा हवा. अन्यथा रस्त्यावरची कोंडी उचलून आपण चार मजल्यांवर नेऊन ठेवली, एवढेच होईल.

किमतीचा प्रश्नही याच सांध्यातला. बाहेर रस्त्यावर गाडी फुकट लावता येत असेल तर पैसे मोजून आत कोण जाईल? अमेरिकन प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी फुकट वाहनतळ समाजाला किती महाग पडतो हे दाखविणारा मोठा ग्रंथ २००५ साली लिहिला. जपानने तर १९६२ सालीच कायदा करून मोटार घेणाऱ्याला गाडी ठेवण्याची जागा दाखविण्याची अट घातली. आपण थोडा हिशेब करू. वाट, चढ, जिने धरून बहुमजली तळात प्रत्येक मोटारीमागे पंचवीस ते तीस चौरस मीटर जमीन बांधावी लागते. २०१५ सालच्या प्रधानमंत्री आवास योजनेत दुर्बल घटकांच्या घराचे चटईक्षेत्रही तीस चौरस मीटरांपर्यंतच होते. एका मोटारीची जागा एका कुटुंबाच्या घराएवढी! म्हणून वाहनतळ बांधूच नयेत असे आमचे म्हणणे नाही. तसे म्हटले तर आमचीच चूल विझेल. परंतु तो बांधताना त्याच रस्त्यावरील गाड्या हलवून पदपथ मोकळा करण्याचे वचन नगरपालिकेने द्यावे आणि पाळावे.

तेव्हा आपल्या गावी असा वाहनतळ येऊ घातला, तर नागरिक म्हणून आपण थोडेच प्रश्न विचारावेत. मजल्याची जमीन भिंतींशी आणि सर्व खांबांशी कशी बांधली आहे? उभारणीचा क्रम कोणी लिहिला आहे, आणि काम थांबविण्याचा अधिकार जागेवर कोणाला आहे? जोडांच्या देखभालीची रक्कम कोठे लिहिली आहे? आणि वाहनतळ उघडल्यावर रस्त्यावरच्या गाड्यांचे काय होणार? उत्तरे द्यायला इंजिनियर बांधील आहेत. आम्हीही बांधील आहोत. तुकडे किती मोठे आणि काम किती दिवसांत होणार, हे आपणांस न विचारताच सांगितले जाईल. सांध्यांविषयी मात्र विचारावे लागते.

ते खलाशीबाबा आज हयात नाहीत. त्या दिवशी मानावयाचे राहिलेले त्यांचे आभार आम्ही आज या भरल्या सभेत मानतो.